एक, दोन, तीन, तीन, चार

धांदल हे टोपणनाव तिला भावानेच दिलं होतं आणि ते तिला मापाने शिवल्यासारखं बसलं होतं. वडिलांच्या टायरच्या दुकानामागच्या खोलीत भावाने पॉप पंक बँड काढला. दादा गाणार, शेजारचे दोघे गिटार वाजवणार आणि ड्रम्स धांदल बडवणार. गाणं सुरू करताना काठ्या आपटत चारपर्यंत मोजायचं, एवढंच. पण धांदल घाईघाईत हटकून "एक, दोन, तीन, तीन, चार" मोजायची आणि सगळे तोंडघशी पडायचे.

कॉलेजच्या स्टेजवर असंच झालं. लोक खदाखदा हसले. "चार मोजता येत नाहीत तुला?" दादा माईकवरच ओरडला. तिने काठ्या त्याच्या पायाशी फेकल्या आणि जी घरी आली ती पुन्हा बँडकडे फिरकलीच नाही.

तिच्यामागे ड्रमर येत-जात राहिले. एक लग्न करून गेला, एकाला बसमध्ये उलट्या व्हायच्या, एकाला स्वतःचाच बँड काढायचा होता. चौथी एक पोरगी आली, ती कशीबशी टिकली. एक गिटारवाला दातांचा डॉक्टर झाला, त्याच्या जागी दुसरा आला. तरी बँडचं नाव होतच गेलं. चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासताना धांदलला रेडिओवर त्यांची गाणी ऐकू यायची, सुरुवातीचं मोजणं कापून टाकलेली. पोस्टरवर चार चेहरे, तिचा नाही. आपणही त्यात होतो हे आता कुणाच्या गावीही नसेल, हे तिला फार सलायचं. दादाशी तर सात वर्षं "जेवलास का?"च्या पुढे बोलणंच नव्हतं.

मग स्टेडियममधला कार्यक्रम ठरला. दादाने आईकडे दोन तिकिटं दिली.

"मी नाही येणार," धांदल म्हणाली.

"मग माझ्या कानात कापूस कोण घालणार?" आईने विचारलं, आणि विषय संपला.

भर दुपारी स्टेडियम खचाखच भरलं होतं. दादा माईकपाशी आला. "नवे ड्रमर नीट मोजायचे आणि माझा सूरच लागायचा नाही," तो म्हणाला. "शेवटी एकेकाला माझ्या बहिणीसारखं मोजायला शिकवलं. दर कार्यक्रमात ऐकून तुम्हाला तर पाठच आहे. चला!"

ड्रमरने काठ्या उचलल्या. हजारो गळे एकदम गरजले, "एक! दोन! तीन! तीन! चार!"

आईने कानातला कापूस काढला. "अगं, एवढ्या लोकांना साधं चार मोजता येत नाही?"

धांदलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं. "मीच शिकवलंय त्यांना, आई."