मागच्यासाठी पाणी

"मीनाक्षी! परत गेलं बघ गरम पाणी!"

बाथरूमच्या बंद दारामागून जावयाचा आवाज आला आणि स्वयंपाकघरात चहा पीत बसलेल्या अंबादास मोहित्यांनी कप खाली ठेवला. जावयाच्या अंगाला साबण लागलेला आणि सासरा आरामात फुरके मारतोय, हे काही बरं दिसत नव्हतं. त्यांनी उठून पाणी थोडंच गरम होणार होतं? पण लेकीच्या घरी राहणारा बाप बसल्या जागीही अवघडतो, आणि अंबादास तर आल्या दिवसापासून अवघडूनच बसले होते.

विट्याच्या एसटी डेपोत त्यांनी टाइमकीपर म्हणून उभा जन्म काढला होता. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणाऱ्यांतले ते. बायको गेल्यावर मीनाक्षीने हट्टच धरला म्हणून एका हिवाळ्यापुरते आखातातल्या रुवैसला आले. वाळवंटात कसली थंडी, म्हणून सोबत एकच स्वेटर आणला होता. जानेवारीतल्या रुवैसने त्यांची चांगलीच खोड मोडली.

सत्यजित टॉवेल गुंडाळून कुडकुडत बाहेर आला. तो इथल्या रिफायनरीत इंजिनियर होता. एवढी मोठी रिफायनरी चालवणाऱ्याला घरचा बॉयलर दाद देत नाही, याचा त्याला भारी राग आला होता.

"कधी चटका, कधी बर्फ! प्रेशर बघ, काटा पार खाली आलाय. आज सोडत नाही त्या अन्वरला. मुद्दाम सकाळीच बोलावलंय, फॉल्ट होताना दाखवतो."

"मम्मा, इट्स फ्रीझिंग! आय अ‍ॅम नॉट टेकिंग अ बाथ," नात पर्णिकाने आतून जाहीर करून टाकलं.

अन्वर हा मेंटेनन्सवाला. आधी दोनदा येऊन त्याने एकदा व्हॉल्व बदलला होता, एकदा थर्मोस्टॅट. दोन्ही वेळा तो दुपारी आला होता. आज मात्र वॉशिंग मशीनच्या खोलीत वाकून त्याने बॉयलरच्या बुडाशी बॅटरी मारली आणि लगेच हाक दिली.

"साब, ये देखो. नीचे का नल थोडा खुला है. गरम पानी नाली में जा रहा है, उसकी जगह ठंडा आ रहा है. प्रेशर किधर से टिकेगा?"

"कपडे धुताना मी सगळे नळ घट्ट करते," मीनाक्षी सत्यजितला म्हणाली. "म्हणून दुपारी सगळं ठीक असायचं."

"बॉयलर में कुछ खराबी नहीं," अन्वर म्हणाला. "रोज सुबह कोई खोलता है इसको."

"कौन खोलेगा? घर में कोई हाथ नहीं लगाता. तुमनेच ढीला छोडा होगा. अभी तुम्हारे सुपरवायझर को फोन करता हूं."

"साब, ऐसा मत करो. एक और कंप्लेंट गई तो मेरेको वापस गाव भेज देगा."

दारात उभ्या अंबादासांनी नळाकडे पाहिलं. तो नळ ते उघडत होते.

विट्याला घरी तांब्याचा बंब होता. एक बादली कढत पाणी काढलं की एक बादली गार पाणी नरसाळ्यातून आत ओतायचं, मग आपल्या आंघोळीला बसायचं. मागच्यासाठी रिकामा बंब ठेवणारा माणूस म्हणजे कसला माणूस, असं त्यांची आई म्हणायची. इथल्या बॉयलरला नरसाळंच नव्हतं. त्यामुळे पहाटे सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकली की अंबादास त्या खोलीत जायचे आणि बुडाचा नळ सोडून पाणी आहे ना, बघायचे. धार लागली की त्यांना बरं वाटायचं. जावई, लेक, नात, कोणाची अडचण व्हायला नको. मग नळ बंद करायचे, तोही हलक्या हाताने. परक्याच्या घरची वस्तू, जोर लावून मोडली तर?

या घरात आपण करतो असं हे एकच काम, आणि त्यानेच सगळ्यांना गार पाण्याने आंघोळी घातल्या!

सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर जावई होता, परका माणूस होता, नात होती. सासऱ्याला साधा नळ कळत नाही, हे या सगळ्यांसमोर कसं बोलायचं? सत्यजितने फोन उचलला तरी अंबादास दाराची चौकट धरून उभेच होते.

मीनाक्षीने एकदा वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"फोन नको करू," ती म्हणाली. "मीच उघडत होते तो नळ. सकाळी फडकी भिजवायला."

सत्यजितने फोन खाली ठेवला. मग जो सुटला!

"डोकं गहाण ठेवलंयस का? कितीदा सांगितलं, माहीत नसेल त्याला हात लावत जाऊ नकोस! त्या माणसाला तीन खेपा घालायला लावल्यास. मी येड्यासारखा सगळ्यांशी भांडतोय, आणि ही बाई फडकी भिजवतेय!"

अन्वरने मान खाली घालून आपले पाने-स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरले. पर्णिका टीव्ही लावून बसली. आपल्या पोरीला आपल्यापायी बोलणी बसताहेत आणि आपण खांबासारखे उभे आहोत, याची त्यांना इतकी लाज वाटली की खोलीत जाऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी जेवायलाही पोट बिघडल्याचं सांगून टाळलं.

संध्याकाळी सत्यजित ड्यूटीवरून आला. पानं वाढली तेव्हा अंबादासांनी मनाचा हिय्या केला.

"सत्यजितराव, तो नळ मीना नाही, मी उघडत होतो. आमच्या बंबाची सवय. मला कळलं नाही."

सत्यजितने घास हातात धरूनच त्यांच्याकडे पाहिलं आणि तो मोकळेपणाने हसला.

"अहो अण्णा, मग तेव्हाच सांगायचं ना! एवढं काय त्यात? नवीन माणसाला कसं कळणार? उद्या मी दाखवतो तुम्हाला सगळं."

इतकंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. अंबादास वाट बघत राहिले. आता तो मान वळवून मीनाकडे बघेल, तिच्याशी दोन बरे शब्द बोलेल. सत्यजितने आमटी वाढून घेतली.

"मीनाला उगाच बोलणी बसली," शेवटी तेच म्हणाले.

"तिला? तिला सवय आहे हो माझ्या बोलण्याची."

ओट्याशी पाठमोरी उभी असलेली मीनाक्षी पोळी लाटत होती. तिचे हात थांबले नाहीत. सकाळी पुढे होताना तिला सगळं ठाऊक होतं, हे आता अंबादासांना कळलं. काय बोललं जाईल, किती वेळ बोललं जाईल, आणि ते कसं ऐकून घ्यायचं. हे स्थळ त्यांनीच हौसेने पसंत केलं होतं. मुलगा इंजिनियर आहे, शांत आहे, असं डेपोत पेढे वाटताना सगळ्यांना सांगितलंही होतं.

मीनाक्षी तव्यावरची पोळी घेऊन आली. तिने वडिलांकडे पाहून थोडंसं हसून विचारलं, "वाढू ना अण्णा? दुपारी काही खाल्लं नाहीत."

अंबादासांची जेवणावरची वासनाच उडाली होती. पण नाही म्हणायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी ताट पुढे केलं.