माझ्यातल्या तीन वाटा

मित्रांनो, मी श्वासपटलाचा एक जुना रबरी नमुना आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा घुमटासारखा पडदा असतो, त्याची मी नक्कल. खरा पडदा श्वास घेताना खाली उतरतो, सोडताना वर चढतो. मी मात्र लहान मुलांच्या सर्जनबाईंच्या टेबलावर नुसता बसून असतो.

माझ्यात तीन छिद्रं आहेत. उजवीकडच्या छिद्रातून मोठी शीर खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेते. श्वास घेताना हे छिद्र रुंदावतं. किंचित डावीकडून अन्ननलिका पोटात उतरते, तिला स्नायूंची मिठी असते. अगदी मागे, कण्याला टेकून, महाधमनी जाते. तिला पडदा कधी आवळत नाही.

एकदा शिपाईमामांनी मला पुसायला घेतलं आणि फाटलोय समजून तिन्ही छिद्रं भिंतीच्या भेगांत भरतात ती पांढरी लांबी भरून बुजवली.

"मामा, पेशंटचं खाणंपिणंच बंद केलंत की," बाई हसल्या. मामांनी ओशाळून सगळं उकरलं, तरी कडेला पांढरं राहिलंच.

ते पांढरं एका आईने पाहिलं. तिचं बाळ सहा दिवसांचं होतं. त्याच्या पडद्याला डावीकडे, मागच्या बाजूला, नको असलेलं चौथं छिद्र होतं. त्यातून आतडी छातीत चढली होती, फुप्फुसाला जागाच उरली नव्हती. दुपारी ऑपरेशन होतं.

"हे काय लागलंय?" तिने विचारलं. दारातल्या मामांनी खरं ते सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला.

"शिवताना तुमच्याकडून दुधाची वाट शिवली गेली तर?" तिने बाईंना विचारलं.

"अगं, त्या रोज करतात हे," नवरा कुजबुजला.

"त्या रोज करतात. माझ्या बाळाचं रोज होत नाही."

बाईंनी मला तिच्या हातात दिलं. "बोट घालून बघा. बाळाच्या अन्ननलिकेत नळी घातलेली आहे. ती हाताला लागते, वाट चुकत नाही."

तिने तेच पुन्हा विचारलं. बाईंनी तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन आठवड्यांनी ती बाळाला घेऊन आली. दूध पाजून झालं आणि बाळाचं अंग एकदम उडालं. पुन्हा उडालं. तिने घाबरून बाईंकडे पाहिलं.

"उचकी आहे," बाई म्हणाल्या. "त्याचा पडदा उडतोय."

"नक्की ना?"

"नक्की."

ती रडता रडता हसली. मी नुसता बघत राहिलो. मला कधी उचकी लागणार नाही.

मित्रांनो, घाबरलेलं माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं. त्याच्यावर वैतागू नका. पहिल्यांदा सांगितलंत तितक्याच मायेने पुन्हा सांगा.