खोकल्यावरून मलेरिया

किसुमू शहराच्या रेडिओवर अपोंडी दर शनिवारी आठवड्यातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायची. या वेळी त्यात एक नवं ॲप होतं. फोनवर खोकलं की ते मलेरिया ओळखतं म्हणे, आणि आहेरो गावातल्या चाचणीत शंभरातले अठ्ठ्याण्णव निकाल बरोबर आले होते.

अपोंडीला ते पटेना. तिची मावशी आहेरोतच आरोग्यसेविका होती. अपोंडीने तिला फोन लावला.

"आले होते की ॲपच्या कंपनीचे दोघं," मावशी म्हणाली. "सगळ्यांना खोकायला लावलं, साबणाची वडी दिली नि गेले."

"रक्त तपासलं?"

"कुणाच्या बोटाला सुईसुद्धा टोचली नाही, बाई."

"मग निकाल बरोबर आला हे त्यांना कळलं कसं?"

"ते त्यांनाच विचार!"

हे ऐकून संपादक ओडेरो वैतागले. "सगळीकडे छापून आलंय. तूच तेवढी शहाणी?"

"सगळीकडे कंपनीने पाठवलेला एकच मजकूर आहे, साहेब. शब्दन् शब्द."

ओडेरोंनी बातमीचा कागद पुन्हा वाचला आणि होकारार्थी मान हलवली. अपोंडीने बातमी वाचली, आणि मावशीचं नाव न घेता रक्ताचा प्रश्नही विचारला.

सोमवारी कंपनीचा फोन आला. गावातलं कोण बोललं, एवढंच त्यांना हवं होतं.

"नाव मिळणार नाही," ओडेरो म्हणाले. "रक्ततपासणीचे कागद पाठवा, तेही वाचून दाखवू."

महिना उलटला. कागद काही आले नाहीत.