उणे ऐंशीचा पहारेकरी

मित्रांनो, मी पवईच्या एका प्रयोगशाळेतला जुना डीप फ्रीझर आहे. आइस्क्रीमची आशा धरू नका. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांवर गोचिडी असतात आणि तापाच्या रुग्णांचं रक्त असतं.

माझा जन्म जर्मनीतला. डास आणि गोचिडी चावून होणाऱ्या आजारांचा छडा लावायला तीन देशांनी हात मिळवले आणि मला बोटीने इथे धाडलं. गोचीड कुठेही विनापरवाना फिरते. तिच्या नमुन्याला परदेशी जायची परवानगी मात्र चौदा महिन्यांनी मिळते. त्या चौदा महिन्यांत मी एक दिवस रजा घेतली नाही.

नमुने आणायचा धोंडिराम. बोरिवलीच्या जंगलाकडेच्या पाड्यांत तो गवतावरून पांढरी चादर ओढायचा आणि तिला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने नळीत भरायचा. परवानगीची वाट पाहणं चालू असतानाच, जूनमध्ये, त्याचीच बायको, चंपा, तापाने पडली. इथल्या संशोधक शीतल मॅडमनी त्याच दिवशी तिचं रक्त माझ्याकडे ठेवलं. पुढे औषधं सुरू झाली आणि जंतू रक्तात सापडेना. ताप मात्र उलटून येत राहिला, नजर अधू होत गेली. या कामात भागीदार असलेल्या नैरोबीच्या प्रयोगशाळेत असे रुग्ण पाहिलेले होते, पण नेमकं औषध ठरवायला त्यांना जंतू जिवंत हवा होता. तो फक्त माझ्याकडच्या जूनच्या एका नळीत, गोठलेला असेपर्यंतच जिवंत, होता.

दसऱ्याला माझी पूजा झाली. झेंडूचा जाडजूड हार घातला, जर्मनीला फोटो गेला. हार उतरवायचं काम कोणाचं, हे ठरलं नव्हतं. वाळलेल्या पाकळ्या माझ्या हवेच्या जाळीत शिरल्या आणि एका शुक्रवारी दुपारी माझा श्वास कोंडला. मी ओरडू लागलो.

शेजारीच तिन्ही देशांची पडद्यावर बैठक चालू होती. परवानगी आल्याचा आनंद होता.

"शीतल, ते आधी बंद कर गं," पद्मजा मॅडम म्हणाल्या. त्या विभागप्रमुख. "नैरोबीवाल्यांना वाटेल, इथे आग लागलीय."

शीतलने माझा भोंगा बंद करायचं बटण दाबलं. धोंडिरामने माझ्या कुशीला हात लावला आणि तो दारात जाऊन उभा राहिला.

"शीतल मॅडम, ह्यो तापलाय."

पडद्यावरच्या गोऱ्या साहेबांनी विचारलं, कोण आहे?

"चहाचं विचारतोय," पद्मजा मॅडम इंग्रजीत म्हणाल्या.

"काका, सोमवारी बघू हां," शीतल कुजबुजली. "सोमवारीच काकूंची नळी पाठवतोय."

धोंडिराम थोडा वेळ घुटमळला. मग चंपाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून निघाला.

शनिवार, रविवार माझ्या पोटातली एकेक नळी वितळत गेली. भोंगा बंद केल्यामुळे ओरडताही येत नव्हतं. दोन दिवस माझं दार कोणी उघडावं म्हणून मी तळमळत होतो.

सोमवारी शीतलने दार उघडलं. मागून धोंडिराम आला.

"आज जाणार ना?"

तिने नळ्यांचा ट्रे त्याच्यापुढे सरकवला. त्याने चंपाच्या नावाची नळी उचलून कलती केली. आतलं रक्त हललं.

"गोठलेलं हवं होतं ना," तो म्हणाला. "आता डागतराला काय सांगू, शीतल?"

पहिल्यांदाच तो तिला मॅडम म्हणाला नाही.

मित्रांनो, यंत्र ओरडू लागलं तर त्याचं तोंड दाबण्याआधी एकदा दार उघडून बघा, एवढी विनंती आहे. मला दुरुस्त करतील, नाहीतर भंगारात देतील. चंपाच्या डोळ्यांना ती सोय नाही.