सात दिवसांची मुदत

डाव्या पायाच्या अंगठ्याने झोळीची दोरी ओढत अपूर्वाने लॅपटॉपच्या पडद्यावरचं ‘७ दिवस’ खोडलं. झोळीत सहा महिन्यांचा गंधार आत्ता कुठे डोळे मिटत होता. फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला होता.

“मॅडम, साइटवर पाण्याच्या पाळ्या मी सोमवारीच बदलल्या,” पाणीवापर संस्थेचे सचिव शामकांत सांगत होते. “माझ्याकडे नवीन दिसतंय, लोकांच्या मोबाईलवर जुनंच. कालव्याच्या तीन नंबर चारीचं पाणी मंगळवारी येऊन गेलं, आणि लोक आज गुरुवारी फावडी घेऊन बांधावर उभे!”

“माझी चूक आहे, काका. मधला कॅशे सर्व्हर पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि तीच सगळ्यांना देतो. किती दिवस ठेवायची, ते मी ठरवते.”

“मग किती ठरवलं होतंत?”

“सात.”

कालव्याचं आवर्तन सुटलं की सगळे एकदम पान उघडतात नि साइट बंद पडते, ही तक्रार तुमचीच होती, असं तिला म्हणता आलं असतं. तिने नुसतं “लगेच बघते” म्हटलं.

महिन्यापूर्वी गंधारला ताप होता. दोनदा पाजण्याच्या मधल्या वीस मिनिटांत तिने फोटो, सूचना, वेळापत्रक, सगळ्यालाच एक नियम लावून टाकला होता. साइट झरझर उघडायला लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. आईनेही.

आईचं रान तीन नंबर चारीवरच होतं.

जुनी प्रत पुसून तिने पान पुन्हा उघडलं. तीन नंबरपुढे आता मंगळवार होता. मग देवळालीला आईला, इंदूला, व्हिडिओ कॉल लावला.

“आई, पाणी मिळालं का?”

“मिळालं की,” इंदू पटकन म्हणाली. “गंधार झोपला व्हय? दाखव की जरा.”

“झोपलाय. कधी मिळालं?”

“मिळालं गं. तू जेवलीस का? डोळे बघ कसे झालेत.”

आईच्या मागे ओसरीवर ओलं गोणपाट पसरलेलं होतं. त्याखालून कांद्याच्या रोपांची पात बाहेर आली होती, शेंडे मलूल. पाणी मिळालं असतं तर ही रोपं एव्हाना वाफ्यात असती. लावणीला आलेली भागूबाई तांब्याने गोणपाटावर पाणी शिंपडत होती.

“वहिनी, पुढलं पाणी कवा? तवर ही काय टिकायची न्हाईत—”

पडदा एकदम काळा झाला. आईने कॅमेऱ्यावर तळवा धरला होता. तो काढला तेव्हा मागे नुसती भिंत होती.

“तुझं ते पान लई झटक्यात उघडतं हां,” इंदू म्हणाली. “मी तर सहादेवला फोनसुदिक केला न्हाई.”

सहादेव पाटकरी. चारीचं दार उघडणारा. अपूर्वाचं लग्न होईपर्यंत आणि नंतरही आई पाण्याचं त्यालाच विचारत आली होती.

“पुढच्या टायमाला करीन एक,” आई जरा थांबून म्हणाली. “म्हंजे तुज्यामागं तेवढीच कटकट कमी.”

“बरं,” अपूर्वा म्हणाली. तिने फोन ठेवला.

मग तिने एकेक नियम वेगळा केला. फोटोंना महिना. सूचनांना तास. वेळापत्रकापुढे पाच मिनिटं लिहिली, खोडली, शून्य टाकलं. आता ते पान दरवेळी मूळ जागेवरून येणार होतं. हळू येणार होतं.

एवढ्याने काम संपलं होतं. तरी तिने वेळापत्रकाचं पान उघडलं आणि पाळ्यांच्या तक्त्याच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘पाणी धरण्याआधी पाटकरी सहादेव यांना फोन करून विचारून घ्यावे.’

त्यापुढे त्याचा नंबर टाकला; तो शोधावा लागला नाही. माहेरी फडताळाच्या आतल्या बाजूला आईने तो खडूने लिहून ठेवला होता. येता-जाता पाठ झाला होता.

झोळी थांबली होती. तिने दोरीत पुन्हा अंगठा अडकवला.