मिशीवरचा फुगा

"बाई, तुम्हाला चित्रं काढता येतात का हो?"

हा प्रश्न माझा नव्हता. शेफाली आणि निकितानं पैज लावली होती की तनया, म्हणजे मी, विचारणारच नाही, तनया घाबरट आहे. सहा महिन्यांपूर्वीची तनया घाबरट होती, हे मान्य. हल्ली मी तिला ओळखत नाही. म्हणून विचारलं, तेही उभं राहून.

आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत मंदाकिनीबाई दर रविवारी कॉमिक शिकवतात, पण जूनपासून त्यांनी फळ्यावर साधं नाकसुद्धा काढलं नव्हतं. नुसती अक्षरं. कुजबुजणाऱ्याची बारीक, ओरडणाऱ्याची जाड, थंडीनं कुडकुडणाऱ्याची थरथरती.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नाही येत."

निकिताच्या हातातलं खोडरबर पडलं.

"चौतीस वर्षं मुलांच्या मासिकात कॉमिकची अक्षरं लिहिली. राक्षस दुसरे काढायचे. डरकाळ्या माझ्या. आता उभं राहून झालं असेल, तर पान दाखव."

त्या पानावर माझे सगळे रविवार अवलंबून होते. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा झाली की चित्रकला बंद, असं घरी ठरलं होतं, आणि परीक्षा झाली होती! पुढच्या रविवारपासून याच वेळेला गणिताचा क्लास. शनिवारचीही बॅच होती, पण आईच्या मते रविवारी डोकं ताजं असतं. माझा बेत असा, की आईबाबांना खो खो हसवेल असं पान करायचं आणि ते हसत असतानाच विषय काढायचा.

पानावर खडकीचं आमचं क्वार्टर होतं. डावीकडे सोफ्यावर बाबा, गळ्यात फॅक्टरीचा पास. उजवीकडे स्वयंपाकघराच्या दारात आई. आई विचारते, 'डब्यातला लाडू कोणी खाल्ला?' बाबा म्हणतात, 'मी नाही!' बाबांना शुगर आहे, त्यामुळे आमच्याकडे लाडू म्हणजे पोलीस केस. बाबांची मिशी काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, एकेक केस! फुगे मात्र मी शेवटी काढले आणि बाबांच्या बोलण्याचा फुगा नेमका मिशीवर बसला.

बाईंनी पान मोठ्यानं वाचलं. "'मी नाही!' 'डब्यातला लाडू कोणी खाल्ला?'"

सगळा क्लास हसत सुटला. शेफाली तर बाकावर डोकं आपटून हसत होती. मैत्रीण म्हणे!

"चोर फारच घाईत आहे," बाई म्हणाल्या. "अगं, वाचणारा डावीकडून येतो. त्याला आधी तुझे बाबाच भेटतात. जो आधी बोलतो त्याला डावीकडे घे."

"पण बाई, आमच्या घरी सोफा डावीकडेच आहे."

"मग उचल. कागदावरचा सोफा जड नसतो. आणि या मिशीनं तुझं काय बिघडवलंय?"

"फुग्याला जागाच उरली नाही."

"उरणार कशी? ती आधी धरायची असते. बोलणं आधी लिहायचं. मग राहिलेल्या जागेत माणसं बसवायची."

मी नवा कागद घेतला. पेन्सिलीनं फिक्या रेघा मारल्या, वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडून. मग 'मी नाही!' लिहिलं. जाड लिहिलं तर बाबा भांडताहेत असं वाटलं. बारीक लिहिलं तर रडताहेत असं. तिसऱ्यांदा अक्षरं गोलमटोल केली, एकमेकांना चिकटवली, आणि मला एकटीलाच फिस्सकन हसू आलं. बाबांच्या तोंडात लाडू होता! कागदावर अजून ना मिशी होती, ना सोफा, पण बाबा बोलायला लागले होते.

बाईंनी वाकून बघितलं. "हं," म्हणाल्या. सदाशिव पेठेत याला कौतुक म्हणतात.

संध्याकाळी मी नवं पान टेबलावर ठेवलं. आई हसली, बाबा त्याहून जास्त हसले. तेवढ्यात आईला माझ्या फाइलमधलं जुनं पान दिसलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"तनू, हेच खरं आहे गं."

"ते चुकलंय, आई. त्यात बाबा आधीच बोलतात."

"तेच तर म्हणतेय मी!" असं म्हणून आईनं सहज फडताळातल्या डब्याकडे बघितलं.

"मी नाही!" बाबा म्हणाले.

"अहो, मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

मग मात्र तिघांचीही हसून हसून वाट लागली. आई पदरानं डोळे पुसत होती, आणि बाबा दोन्ही पानं शेजारीशेजारी धरून विचारत होते, "पण माझ्या तोंडात लाडू आहे, हे या नव्या पानात कळतं कसं गं? तोंड तर बंद काढलंयस."

मी उभी राहिले. हल्ली मी महत्त्वाचं सगळं उभं राहूनच बोलते.

"अक्षरांमुळे, बाबा. आणि माझं ठरलंय. गणिताला मी शनिवारच्या बॅचला जाणार. रविवार बाईंचा. पुढच्या पानाची चित्रं शेफाली काढेल, अक्षरं मी लिहिणार. यापुढेही तेच करणार."