माझी कॉलर, तिची पदवी

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे आणि माझा सध्याचा पेशा आहे मेलेला माणूस होणे. घाबरू नका, मी अगदी मजेत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझे नाक इतके रेखीव होते की रंग देणारे काका म्हणाले, "हा तर नवरदेवच दिसतोय!" तेव्हापासून मी जो शेफारलो, तो आजपर्यंत.

पुढे तयार कपड्यांच्या एका दुकानात मी काचेआड उभा राहिलो. भारी कोट, इस्त्रीचे सदरे, काय थाट होता! जाणारी-येणारी माणसे थबकून माझ्याकडे बघत. मग एकदा दुकानातली शिडी हलवताना मला धक्का लागला, मी तोंडावर आपटलो आणि नाकाचा टवका उडाला. मालकाने मला माळ्यावर टाकले. रिकाम्या खोक्यांच्या संगतीत मी धूळ खात पडलो. खरे सांगतो, फार वाईट वाटायचे.

अशात एक दिवस विद्यापीठातल्या मॅडम दुकानात आल्या. पूर्वी त्या वकिली करत, आता क्रिमिनल जस्टिस विभागात शिकवत. माणूस गुन्हा का करतो, पोलीस तपास कसा करतात, कोर्टात काय चालते, तुरुंगातून सुटलेल्याचे पुढे काय होते, हे सारे त्या विभागात शिकवतात. सरावाच्या खोलीत जमिनीवर पडून राहील असा कोणीतरी त्यांना हवा होता. "तो तुटक्या नाकाचाच द्या," त्या माळ्याकडे बोट दाखवत मालकाला म्हणाल्या, "आमच्याकडे तोच शोभेल." बघा, ज्या नाकापायी मी माळ्यावर गेलो, त्याच नाकाने मला नोकरी मिळवून दिली!

तेव्हापासून माझ्यावर कितीदा विषप्रयोग झाला, कितीदा मी जिन्यावरून पडलो, याची गणती नाही. माझ्याभोवती पिवळी पट्टी लावतात. फोटो काढून होईपर्यंत पट्टीच्या आत कोणी यायचे नाही आणि कशाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. मुले मापे घेतात, चिमट्याने केस उचलतात, आपसांत कडाकडा भांडतात. मला हे काम मनापासून आवडते. फक्त तास संपला की "बॉडी कपाटात टाक रे" असे म्हणून मला एका पायाला धरून फरफटत नेत, तेवढे सलायचे.

प्रवेशाआधी मुले आणि पालक विभाग बघायला येतात. अशाच एका सकाळी सगळ्यांच्या आधी एक मुलगी आणि तिचे वडील आले. वडील शिंपी होते, गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. दोघे माझ्यासमोर खुशाल बोलू लागली. मेलेल्याला कोण बिचकतो?

"बाबा, कालच्या विद्यापीठाची ती काचेची इमारत मस्त होती. पण शिकवणार कोण, असं विचारलं तर नुसतं माहितीपत्रक हातात दिलं."

"ते राहू दे," वडील म्हणाले. "मला वेगळीच धास्ती आहे. रोज खून-दरोडे बघून तुझं मन दगड होईल. ज्याच्या त्याच्याकडे संशयानं बघशील. आज इथं बघू, पण मला पटलं नाही तर हा नाद सोडायचा. ठरलंय आपलं."

"ठरलंय," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा मात्र एवढासा झाला होता.

थोड्या वेळात खोली भरली. मॅडम आल्या. त्या मुलीने भराभर प्रश्न विचारले.

"कोर्टाचं कामकाज प्रत्यक्ष बघायला मिळतं?"

"पहिल्याच वर्षी. दुसऱ्या वर्षी तुरुंगातही नेतो."

वडिलांना ठसका लागला. "बघायला हो, ठेवायला नाही!" मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले.

"आणि ज्याच्यावर अन्याय झालाय, त्याच्याशी कसं बोलायचं, ते शिकवता?"

"तोच विषय माझा," मॅडम म्हणाल्या आणि फळ्यावर लिहायला वळल्या.

इकडे वडिलांची नजर माझ्यावर खिळली होती. माझी कॉलर मुडपलेली, बाहीचे बटण सुटलेले. शिंप्याचा हात तो, त्याला कसे राहवणार? त्यांनी अलगद पट्टी ओलांडली, गुडघे टेकले, कॉलर सरळ केली, बटण लावले, खांद्यावरची धूळ झटकली आणि मान तिरकी करून समाधानाने माझ्याकडे पाहिले.

"अहो! पुरावा पुसला यांनी!" एका मुलाची आई ओरडली.

"सापडला आरोपी!" मागून कोणीतरी म्हणाले. एकच हशा पिकला.

बिचारे वडील! हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. मुलगी कानापर्यंत लाल झाली. मला वाटले, आता ही ओळखसुद्धा दाखवणार नाही. पण ती पुढे आली.

"मॅडम, कॉलर, बाहीचं बटण आणि खांदा, या तिन्हींना हात लागलाय. तो माझ्या वडिलांनी लावला. मी बघितलं." मग ती सगळ्यांकडे वळली. "पण यांना आरोपी ठरवून मोकळे झालात तुम्ही. हात का लावला, ते कुणी विचारलंच नाही."

मॅडम म्हणाल्या, "मग तूच विचार."

"बाबा, का लावलात हात?"

"अगं, कॉलर मुडपली होती," वडील खालच्या आवाजात म्हणाले. "माणूस गेला म्हणून काय झालं? चारचौघांत त्याला असं गबाळं पडू द्यायचं?"

माणूस! मित्रांनो, त्या खोलीत मला कोणी कधी माणूस म्हटले नव्हते. माझे डोळे रंगवलेले आहेत म्हणून, नाहीतर तिथेच ओले झाले असते.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "चूक झाली, तिची नोंद करावीच लागेल. पण पाहिलेलं लपवायचं नाही, आणि ऐकून घेतल्याशिवाय ठरवायचं नाही, एवढं शिकवायला मला अख्खं वर्ष लागतं. ही मुलगी घरूनच शिकून आलीय."

वडील मुलीकडे बघतच राहिले. "माझ्याविरुद्ध साक्ष दिलीस की गं!"

"दिली. पण तुमची बाजूही मांडली ना?"

ते खळखळून हसले आणि मोजपट्टीच्या टोकाने डोळे पुसू लागले. "मांडलीस. माझी धास्ती गेली बघ. आता तू सांग, काचेची इमारत की हे?"

"हेच, बाबा."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? प्रवेशाची खिडकी कुठंय ते विचार!"

आता ती इथेच शिकते. तास संपला की ती एका मैत्रिणीला हाक मारते आणि दोघी मला खांद्याला आणि पायांना धरून नीट उचलून नेतात. बाकीची मुलेही तसेच करू लागली आहेत. दुकानाच्या काचेआडसुद्धा मी एवढा सुखात नव्हतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. उद्या तुमच्यावर शिक्षण निवडायची वेळ येईल. इमारत जरूर बघा, कोण शिकवते ते विचारा, न लाजता दहा प्रश्न करा. पण जो जमिनीवर पडला आहे, ज्याला बोलता येत नाही, त्याच्याशी तिथली माणसे कशी वागतात, तेही बघून घ्या. तेवढे कळले की तुमची निम्मी निवड झालीच समजा. उरलेल्या निम्मीसाठी बाबांना बरोबर न्या.